राखणदाराचा कुत्रा

दादाच्या कुत्र्याला नाव नव्हतं. इतकी वर्षं तो घरात होता, पण दादा त्याला नुसतं 'रे' म्हणायचा. 'रे, चल.' 'रे, जेव.' एकदा मी विचारलं, याचं बारसं कधी करतोस, तर म्हणाला, "घरात आमी दोघाच. हाक मारली की कोणाक मारली तां कळता. नाव कित्याक व्हया?" बोलण्यात त्याला कोणी हरवू शकत नसे. मी तर कधीच नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने लग्न केलं नाही. जन्मभर मालवण डेपोत एसटीचा ड्रायव्हर होता, आणि निवृत्त झाल्यावर धामापूरच्या अलीकडे, वाडीतल्या आमच्या घरात येऊन राहिला. लोक निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी येतात, हा पिशवीतून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला. घरामागे काजूची कलमं, पुढे खळं, म्हणजे अंगण, आणि सगळ्याभोवती कमरेला लागेल एवढा चिऱ्यांचा गडगा. एवढ्यात त्या दोघांचं जग मावत होतं.

पुढे दोघांचं म्हातारपणही बरोबरच आलं. दादाचा गुडघा गेला आणि कुत्र्याचे डोळे गेले. आधी एक डोळा दुधाळ झाला, मग दुसरा. मग त्याला फिट येऊ लागल्या. पाय ताणून, तोंडाला फेस येऊन तो थरथरत पडायचा, आणि दादा त्याच्या डोक्याखाली गोणपाट सरकवून शेजारी बसून राहायचा. कुडाळच्या गुरांच्या डॉक्टरने सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या लावून दिल्या, त्या कधी चुकल्या नाहीत.

दादाने काठी घेतली ती स्वतःच्या गुडघ्यासाठी. जाड, जुन्या सागाची, खाली लोखंडी शेंबी. चिऱ्यावर टेकली की टक्क असा कोरडा आवाज व्हायचा. कुत्रा त्या आवाजामागून चालायला शिकला. दादा पुढे टक्क, टक्क करत जायचा आणि मागून हा, मान किंचित वर उचलून, कान त्या आवाजाला लावून. पायरी आली की दादा काठी दोनदा वाजवायचा. तेवढ्यावर तो आंधळा कुत्रा पायरी उतरायचा, आणि बघणाऱ्याला तो आंधळा आहे हे सांगूनही पटत नसे.

पाऊस सरता सरता दादा गेला. शेवटच्या आजारात मी तिथेच होते. पुढचे दिवस घरात माणसंच माणसं. कोणी बाकडं सरकवलं, कोणी खुर्च्या मांडल्या, कोणी भांड्यांच्या चळती वाटेत ठेवल्या, आणि ज्या घरात दादाने वर्षानुवर्षं एक पाट जागचा हलू दिला नव्हता त्या घरात कुत्रा जिथेतिथे धडकू लागला. एकदा तर विधीच्या सामानातच जाऊन पडला. लोक ओरडले. मी त्याला पडवीच्या खांबाला बांधून टाकला. तो भुंकला नाही, केकाटला नाही. नाक घराकडे करून उभा राहिला.

माणसं पांगली तेव्हा मी सगळं सामान होतं तिथे लावलं आणि त्याची दोरी सोडली. तिन्हीसांज झाली होती. तो पडवीच्या कडेला गेला, पायरीच्या तोंडाशी थांबला आणि तसाच थांबून राहिला. मी म्हटलं, चल. चुचकारलं. हलायला तयार नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मधल्या खोलीच्या कोपऱ्यातली काठी मी बाहेर आणली आणि पायरीवर दोनदा वाजवली. तो उतरला.

त्या दिवसापासून काठी माझ्या हाती आली.

माझी अडचण वेगळी होती. मी राहते ओरोसला, मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. मुलगी ऑफिसला जाते, जावई रत्नागिरीला नोकरीला, नात पहिलीत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुलगी कसंबसं निभावणार होती, शाळा उघडली की मला जाणं भाग होतं. आणि हा कुत्रा जिने चढू शकत नव्हता. त्याला उचलायचं म्हटलं तर माझी कंबर बसली असती. एकदा प्रयत्न करून पाहिला होता, गाडीत घालून नेलाही होता. पहिल्या जिन्यावर त्याला फिट आली. शेजारणी दार उघडून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्याला परत वाडीत घेऊन आले. म्हणजे दिवाळी संपायच्या आत याला घर बघायचं, एवढं एकच काम माझ्यासमोर होतं.

आंधळा, म्हातारा, फिटचा कुत्रा. दात निम्मे पडलेले, त्यामुळे बांगड्याचे काटे बोटांनी काढून भातात कुस्करून द्यायचा. गोळी तांदळाच्या भाकरीच्या तुकड्यात लपवायची, तरी कधी कधी भाकरी खाऊन गोळी हळूच बाहेर ठेवायचा, इतका लबाड. सामान हलवायचं नाही. काठी वाजवल्याशिवाय चालायचा नाही. लग्नाच्या मुलीची माहिती सांगताना बापाला फुटत नसेल एवढा घाम मला हे सगळं सांगताना फुटायचा.

मुलीने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. मालवण, कुडाळ, कणकवली, सगळीकडे गेला म्हणे. पुष्कळ लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. कोणी मला देवमाणूस म्हणालं, कोणी डोळ्यांतून पाणी येणारी चित्रं टाकली. तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्याने विचारलं, पाहुण्यांबरोबर फोटो काढू देतो का. मी म्हटलं, तो फोटो काढू देईल हो, पण तुमच्या पाहुण्यांनी गोळी द्यायला हवी. पुन्हा त्याचा फोन आला नाही.

शेवटी देवगडचा माझा मामेभाऊ तयार झाला. त्याची हापूसची बाग आहे आणि माकडांनी जीव नकोसा केलाय. त्याला राखणीला कुत्रा हवा होता. मी काही लपवलं नाही. फोनवर तो ओरडला, "आंधळो? मगे माकडां दिसतली कशी तेका?" मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "तुमका तरी खंय दिसतत? घेवन येवा तेका, पडून ऱ्हवात पडवेत." मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

ठरल्या दिवशी तो टेंपो घेऊन आला. मी कुत्र्याला आंघोळ घातली होती, गोळ्या, गोणपाट, जेवणाची थाळी पिशवीत भरली होती. टेंपो वाडीच्या तोंडाशी, मानकरी काकांच्या घराजवळ थांबलेला मी पाहिला. म्हटलं, चहा घेत असेल. मग तो चालत आला आणि गडग्याच्या बाहेरच उभा राहिला. आत पाऊल टाकलं नाही.

"ताई, राग मानू नको. मी न्हेवचंय नाय तेका."

"कित्याक? काय झाला?"

"माका काय ठावक होता? राखणदाराच्या कुत्र्याक मी हात लावू? माझी कलमा आसत, पोरांबाळां आसत." एवढं बोलून त्याने तिथूनच आमच्या आवाठाच्या, म्हणजे घराभोवतीच्या जागेच्या, कोपऱ्याला नमस्कार केला आणि गेला.

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. ती जागा त्याची, आपण नुसते राहणारे. वर्षातून एकदा त्याला नारळ-कोंबडा द्यायचा, चुकलं-माकलं तर माफी मागायची. तो संध्याकाळी हद्दीवरून फिरतो, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, असं जुनी माणसं सांगतात. आमचा राखणदार काजूंपलीकडे ऐनाच्या झाडाखाली आहे, एक शेंदूर नसलेला साधा दगड. लहानपणी त्या बाजूला आम्ही एकटे जात नसू. पण त्याने कुत्रा पाळल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

तशीच तडक मानकरी काकांकडे गेले. काका म्हणजे आमच्या वाडीत देवाला गाऱ्हाणं घालण्याचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागण्याचा मान ज्यांच्या घराण्याकडे आहे ते. सत्तरी पार केलेले, दादाचे दोस्त. खळ्यात सुपाऱ्या वाळत घालत होते.

"काकानू, माझ्या कुत्र्याचा तुमी काय सांगलात तेका?"

"तुझो कुत्रो खंयचो, बाय? तो आता राखणदाराचो." काकांचा आवाज अगदी शांत. "मीच गाऱ्हाणा घालून तेका तेच्या पायाकडे दिलंय. तुझा वझा हलक्या झाला."

माझं डोकं सणकलं. विचारलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. गेले कित्येक दिवस वाडीतली माणसं तिन्हीसांजेला वाटेवरून जाताना बघत होती. आंधळा कुत्रा एकटा, मान वर करून, कोणाच्या तरी मागून चालावं तसा पडवीपासून गडग्यापर्यंत चालतो, परत जातो. पुढे माणूस नाही. आणि काठीचा आवाज येतो.

मी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले. "अवो, ती काठी मी वाजवतंय! माझो गुडघो दुखता. तेच्या पुढे पुढे चलणा माका जमना नाय. म्हणून गडग्याच्या आडोशाक चिऱ्यार बसान वाजवतंय. तो आवाजार येता. तुमका मी दिसनंय नाय इतक्याच!"

काका हसले नाहीत. सुपाऱ्या पसरवायचं थांबवून माझ्याकडे बघत राहिले.

"तू आसतंस तेवा तू वाजवत असशीत," ते म्हणाले. "तू ओरोसाक गेल्लंस तेवा कोण वाजवी होता?"

मध्ये नातीला ताप आला म्हणून मी खरंच ओरोसला जाऊन राहिले होते. घराला कुलूप, कुत्रा पडवीत, काठी आत मधल्या खोलीच्या कोपऱ्यात. काकूंना सांगून गेले होते, दोन वेळ जेवण आणि गोळी द्या. परत आले तेव्हा कुत्रा धडधाकट होता आणि काकू काही बोलल्या नव्हत्या. आता त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पहिल्याच संध्याकाळी ताट घेऊन त्या गडग्यापाशी आल्या, तर आतून टक्क, टक्क. कुत्रा पायरी उतरत होता. आधी दोनदा वाजलं, मग तो उतरला. काकूंनी ताट तिथेच ठेवलं आणि पळाल्या. नंतरही त्या आत गेल्या नाहीत, बाहेरूनच ताट ठेवायच्या.

"आणि गोळी?" मी विचारलं.

"गोळी कसली गो, आत पाय घालूक धीर झालो नाय. भाकरेचे तुकडे मुंगयांनी खाल्ले."

म्हणजे तितके दिवस गोळी नव्हती, आणि फिट आल्याची काही खूणही नव्हती. काकांनी त्याच आठवड्यात ऐनाखाली नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं की हा कुत्रा तुझा, तूच याला सांभाळ. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. निराधार जनावराला त्यांनी त्यांच्या परीने सगळ्यात खात्रीचं घर बघून दिलं होतं. पण आता तो दिलेला कुत्रा त्या हद्दीतून बाहेर न्यायला पंचक्रोशीत कोणी धजणार नव्हतं. माझं भलं करायला गेले आणि माझी पंचाईत करून बसले.

घरी परतताना मी तेच डोक्यात घोळवत होते. काका राखणदार म्हणत होते, पण पायरीला काठी दोनदा वाजवायची, हे राखणदाराला कोण सांगणार? ते दादाचं होतं. पडवीत बसून मी कुत्र्याकडे बघत राहिले. तो गोणपाटावर झोपला होता आणि झोपेत त्याची शेपटी हलत होती. मला भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. मी सख्खी बहीण. शेवटपर्यंत उशाशी बसलेली. आणि दादा यायचा तर मी नसताना यायचा.

तेव्हापासून ते घर मला बदलल्यासारखं वाटू लागलं. मी भांडी घासताना हात थांबवून ऐकायचे. दादाच्या खोलीचं दार लावलेलं असलं की उघडायचे, उघडं असलं की लावायचे. कुत्रा कधी कधी रिकाम्या बाकड्याजवळ जाऊन हनुवटी वर टेकवायचा, जिथे दादाचा गुडघा असायचा तिथे, आणि मी श्वास रोखून त्या बाकड्याकडे बघायचे. दिवाळी जवळ येत होती. मुलीचे फोन वाढत होते. मी मात्र कुत्र्याला घर शोधायचं सोडून दादाला शोधत बसले होते.

आणि अशात टीचर आल्या. मालवणच्या किनाऱ्याकडच्या, चर्चच्या वाड्यातल्या. शाळेतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झालेल्या, ख्रिश्चन, एकट्या. मुलगा गोव्यात. कोणीतरी त्यांना कुत्र्याचा फोटो दाखवला, त्यात मागे पडवीत लावलेला दादाचा खाकी कपड्यातला फोटो दिसला आणि त्यांनी ओळखला. नोकरीच्या दिवसांत त्या रोज दादाच्या गाडीने शाळेत जायच्या.

रिक्षातून उतरून त्या अॅल्युमिनियमची काठी टेकत सावकाश आत आल्या. त्या काठीला खाली रबर होतं, तिचा आवाज होत नव्हता. कुत्र्याने मान वर केली, वास घेतला आणि पुन्हा खाली टाकली.

"तुमच्या भावान माझ्यासाठी कितीदा गाडी उभी केलेली हा," त्या म्हणाल्या. "पाशिंजर बोंब मारीत, तो ढिम्म. म्हणायचो, टीचर येतत, दिसतत थंय. मी खंय दिसतंय? वळणाच्या पलीकडे आसंय."

मी एक एक करून सगळं सांगितलं, आंधळेपणा, फिट, दात. त्या मान हलवत होत्या. "गोळयो माझ्योय आसत. सकाळ-सांज. एकदमच घेवया आमी. आणि तो सावकाश चलता, मी सावकाश चलतंय. कोण कोणाक वडूचा नाय." मग मी राखणदाराचं सांगितलं. मला वाटलं, या हसतील, म्हणतील असलं आम्ही मानत नाही. त्या गंभीर झाल्या. "राखणदार काय फकत तुमचो? आमच्या वाड्यातय आसा. आमी तेका मेणबत्ती लावतों. तेका विचारल्याशिवाय मी कुत्रो न्हेवचंय नाय."

मी काठी आणून कुत्रा कसा चालतो ते दाखवलं. टक्क, टक्क. तो उठला, मान उचलली, पायरीवर दोनदा वाजताच खाली उतरला. टीचरांचे डोळे भरले. मग त्या सहज म्हणाल्या, "ही काठी बरोबर देतलात मा?"

"काठी नाय," मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते इतकं तुटक निघालं की मलाच लाज वाटली. मी घाईघाईने दुसरी काठी देते म्हटलं. मागच्या दारचा बांबू आणला, वाजवला. कुत्रा जागचा हलला नाही. कुदळीचा दांडा वाजवला. तो कंटाळून खाली बसला. टीचर रिक्षाकडे वळल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "वायच विचार करा. मी रविवारी चर्चातली मिसा झाल्यार फोन करतंय."

काठी मी ओरोसला नेणार होते. दादाची दुसरी कुठलीच वस्तू मला नको होती. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात वेगळंच होतं. मला वाटत होतं, काठी माझ्या हातात असते म्हणून दादा येत नाही. एका संध्याकाळी मी ती वाजवलीच नाही, तर तो येईल.

तसं मी केलं. काठी आत कोपऱ्यात ठेवली, दाराला कडी घातली आणि दिवा लावून पडवीत बाकड्यावर बसून राहिले. उजेड कमी कमी होत गेला. काजूंत पाखरं गलबलली आणि शांत झाली. कुत्रा उठला. पायरीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, कान पुढे केलेले. मीही कान दिले. मनात म्हणत होते, ये. आता ये. मी कोणाला सांगणार नाही. एकदा वाजव, फक्त मला ऐकू येईल एवढं.

काहीच झालं नाही. कुत्रा ताटकळला. त्याला बाहेर जायचं होतं, मागचे पाय चुळबुळत होते, पण त्या पायरीपलीकडे त्याच्यासाठी जमीनच नव्हती. मग तो वळला. भिंतीला अंग घासत, खांब हुंगत, चाचपडत माझ्यापर्यंत आला आणि त्याने हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवली. मला हुंगलं आणि वाट बघत राहिला. माझी. दादाची नाही. कधीपासून तो रोज संध्याकाळी माझ्याच हाताची वाट बघत होता. काठी कोण वाजवतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, कोणीतरी वाजवायला हवी होती. भूत मला हवं होतं. मी त्याच्या गळ्यात पडून रडले, दादा गेल्यापासून पहिल्यांदा धाय मोकलून रडले. मग उठून काठी आणली.

रविवारी टीचरांचा फोन यायच्या आधीच मी त्यांना लावला. "काठयेसकट न्हेवा," म्हटलं.

न्यायच्या दिवशी काका नारळ घेऊन आले. काकू, टीचर, रिक्षावाला आणि मी, असे ऐनाच्या झाडाखाली उभे राहिलो. टीचरांनी दगडापुढे मेणबत्ती लावली, काकांनी वाऱ्याला हात आडवा धरून ती जपली. कुत्रा माझ्या पायाशी बसला होता. काकांनी घसा खाकरून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा! ह्या मुक्या जनावराक मी तुझ्या पायाकडे घातलंय, ती माझी माया समज."

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आज ही बाय तेका दर्याकडे न्हेता. तिका तेची गरज, तेका तिची."

"होय म्हाराजा!"

"तेका आनंदान हद्द वलांडूक दी. वाटेत तूच तेची सोबत कर, आणि थंयच्या राखणदाराच्या हातात तेचो हात दी. काय चुकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी सगळ्यात मोठ्याने म्हटलं. आपण कोणाला सोबत जायला सांगतोय, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

टीचरांनी आपली अॅल्युमिनियमची काठी मला दिली आणि दादाची काठी घेतली. त्यांना ती थोडी उंच होत होती. गडग्याच्या वाटेवरून टक्क, टक्क करत त्या निघाल्या आणि मागून तो गेला. मान किंचित वर, कान आवाजाला लावलेले. गडग्याच्या खिंडीशी मी त्यांना सांगायला जाणार होते, इथे दोनदा वाजवा, पण त्यांनी आधीच वाजवलं होतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. आंधळा काय वळून पाहणार, असं मी स्वतःला सांगितलं. तरी लागायचं ते लागलंच.

मी घर बंद करून ओरोसला आले. नातीची शाळा, डबा, वेणी, पुन्हा सगळं सुरू झालं. मध्ये काकांचा फोन आला होता, काजूंची साफसफाई करून घेऊ का म्हणून. मी मुद्दामच विचारलं, आवाज येतो का हो अजून? "नाय गो," काका म्हणाले. "कुत्रो गेलो त्याच दिवसापासून बंद. आता तुझ्या घराकडसून जाताना उगीचच रिकामा वाटता."

नाताळच्या आधी टीचरांचा फोन आला. कुत्रा मजेत होता. दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात होत्या. तारलीचं कालवण त्याला बांगड्यापेक्षा आवडू लागलं होतं.

"एक सांगू? भिवचा नाय मा? तिनीसांजेक काठी खुटयेर आसता, मी खुर्चयेर, रोझारीचो जप करतंय. तो आपणच उठता. शेपटी हालयता. पायरी उतारता, दर्याकडे जाता, परत येता. माझो हात काठयेक लागूच्या आदी." पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. "कदी कदी माकाय आवाज येता. मी काय भियत नाय, बाय. तुमचो भाव माझ्यासाठी उभो ऱ्हवललो, मी तेका नको कसा म्हणू? येवंदे तो. आमका दोगांक सोबत जाता."

मी खिडकीशी उभी होते. खाली क्वार्टरच्या आवारात मुलं खेळत होती, तिन्हीसांज होत आली होती. दादा गेला, मग मी त्याच्या मागे त्या घरात धुंडाळत बसले, आणि शेवटी ऐनाखाली उभी राहून मीच मोठ्याने त्याला निरोप दिला. मला तो एकदाही ऐकू आला नाही. आता येणारही नाही.

"टीचर," मी म्हटलं, "फोन वायच तेच्याकडे धरशात?"

त्या खुर्चीतून उठल्या, फोन कुठेतरी खाली ठेवल्याचं कळलं. समुद्र. मग त्याचा श्वास, फोन हुंगत असणार, जवळ, ओलसर. मग शेपटी जमिनीवर आपटल्याचा आवाज. माझा आवाज दादासारखा आहे असं सगळे म्हणतात, फोनवर तर लोक फसतात. 'रे' एवढं एकच अक्षर माझ्या जिभेवर येऊन थांबलं होतं. मी ते उच्चारलं असतं तर त्याने कान टवकारले असते, शेपटी थांबली असती, आणि तो त्या नव्या घरात भिंतीला अंग घासत, खांब हुंगत मला शोधायला निघाला असता.

मी तोंडावर हात धरून नुसती ऐकत राहिले. मग टीचरांनी फोन उचलला आणि विचारलं, बोललात मा तेच्याशी? मी म्हटलं, होय, बोलले.